कस्टम वॉटर लूप नागपुरात: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

कस्टम वॉटर लूप म्हणजे सुटे भाग जोडून कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्याने थंड ठेवायचा: प्रोसेसरवर बसलेला धातूचा ब्लॉक उष्णता पाण्यात देतो, पंप पाणी फिरवतो आणि फॅनवाला रेडिएटर ते थंड करतो. पहिले माझं सेटअप सांगून देतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. इंटेलचा आय७-१३७००के, ३६० मिमीचा तांब्याचा रेडिएटर, डी५ पंप, निकेल प्लेटिंगवाला ब्लॉक आणि ट्रान्सपरंट सॉफ्ट ट्यूब. लूपमध्ये फक्त प्रोसेसर आहे, ग्राफिक्स कार्ड हवेवरच ठेवलंय. काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, त्यामुळे लगनसराईत मशीन रात्रभर एक्सपोर्टला लागलेली असते, आणि आपल्याकडे लगनसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये, बाहेर ४५ डिग्री, खोलीत कूलर घरघरतोय आणि टेबलाखाली हा डबा तापतोय.

हिवाळ्यात काही बोलायचं कामच नव्हतं. खोली २० च्या आसपास, फुल लोडवर कोअर (प्रोसेसरच्या आतला काम करणारा भाग) ७२-७३ डिग्री, फॅनचा आवाज नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकायचे आणि खुश व्हायचं.

मार्चपासून आकडे चढायला लागले आणि एप्रिल संपता संपता एक्सपोर्ट सुरू केला की काही सेकंदांत कोअर १००. या प्रोसेसरची लिमिटच १०० आहे, तिथं पोचला की तो स्वतःच क्लॉक (कामाचा वेग) खाली ओढतो, म्हणजे ५.३ गिगाहर्ट्झवर पळणारे कोअर ४ च्या जवळ रखडत चालले होते आणि पार्टी तिकडे फोन करून विचारते, भाऊ व्हिडिओ कधी देता. ज्याला विचारलं त्याचं एकच उत्तर, नागपूर आहे बाप्पा, उन्हाळ्यात असंच होणार.

पण हिशेब जुळत नव्हता नं. वॉटर कूलिंगमध्ये साधी गोष्ट आहे, खोली जेवढी तापते जवळपास तेवढंच पाणी वर जातं आणि तेवढाच कोअर वर जातो. कूलर लावून माझी खोली ३२ च्या आसपास राहायची, म्हणजे हिवाळ्यापेक्षा १२ जास्त, तर कोअर ८४-८५ ला यायला पाहिजे. हा १०० ला जाऊन टेकला होता आणि वरून क्लॉक तोडत होता. म्हणजे १२ डिग्री उन्हाच्या, बाकीच्या कोणाच्या?

दुकानवाल्याने प्रोसेसर आणि ब्लॉकच्या मधे लावतात ती पेस्ट बदलून दिली, दोन-तीन डिग्री कमी झाल्या, बस. एका मित्राने पंपावर संशय घेतला, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंपाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, ४८०० च्या जवळ, एकदम फिट. इथं एक लक्षात ठेवा, आरपीएम म्हणजे पंपाचं पातं फिरतंय एवढंच कळतं, पाणी पुढे जातंय की नाही ते त्यावरून कळत नाही. पुढे रस्ता बंद असला तरी पातं मजेत फिरत राहतं.

शेवटी ज्याने गाडी पुढे सरकली ती वस्तू सगळ्यात स्वस्त, पाण्याचं टेम्परेचर दाखवणारा सेन्सर. जी१/४ मापाच्या प्लगमध्ये बसवलेला थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा भाग) असतो, रेडिएटरमधून पाणी बाहेर येतं तिथं लावला आणि वायर मदरबोर्डच्या दोन पिनच्या टेम्परेचर हेडरला. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये आकडा दिसायला लागला आणि अर्धं उत्तर तिथंच मिळालं. कोअर १०० आणि पाणी ३७! पाणी खोलीपेक्षा खूप वर गेलं असतं तर दोष रेडिएटर, फॅन, धूळ यांच्याकडे. पाणी थंड आणि कोअर उकळतोय म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाहीये, मग पेस्ट, ब्लॉक बसवणं किंवा फ्लो, या तिघांपैकीच कोणीतरी.

पेस्ट तं नवीनच होती. मग लोड चालू ठेवून दोन्ही ट्यूबला हात लावून पाहिला. ब्लॉकमध्ये जाणारी कोमट आणि ब्लॉकमधून निघणारी चक्क गरम. तुम्ही म्हणाल गरम असणारच, पण नाही. २५० वॅट उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर पाणी वाहत असेल तर ब्लॉकमधून जाताना पाणी जेमतेम १ डिग्री तापतं, हाताला दोन्ही ट्यूब सारख्याच लागायला पाहिजेत. हाताला फरक कळतोय म्हणजे पाणी नुसतं ठिबकतंय.

लूप रिकामा करून ब्लॉक उघडला तर तांब्याच्या त्या बारीक पात्यांमध्ये, एकेका फटीत अर्धा मिलिमीटरही जागा नसते, पांढरट चिकट थर भरलेला. बोटाला लावून चोळला तर साबणाच्या साक्यासारखा. पाणी स्वच्छच होतं, शेवाळ बिवाळ काही नाही. हा माल ट्यूबमधूनच निघाला होता. पारदर्शक पीव्हीसी ट्यूब मऊ राहावी म्हणून त्यात प्लास्टिसायझर टाकतात, ते गरम पाण्यात हळूहळू सुटतं आणि लूपमधली सगळ्यात बारीक जागा शोधून तिथं बसतं. ट्यूब आतून दुधाळ झालेली दिसली की समजून जायचं. आपल्या उन्हाळ्यात पाणी कायम ४० च्या आसपास, म्हणजे हे काम आणखी जोरात.

साफ करायला काही रॉकेट सायन्स नाही, मऊ टूथब्रश, कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, घासायचं ते पात्यांच्या दिशेनेच. निकेल प्लेटिंग असल्यामुळे व्हिनेगर, लिंबू असल्या गोष्टींपासून लांब राहिलो. ओ-रिंग (पाणी गळू नये म्हणून असलेलं रबरी कडं) खाचेत नीट बसवली. रेडिएटर डिस्टिल्ड वॉटरने खळखळून काढला, नळाचं पाणी आजिबात नाही, कूलरच्या जाळीवर पांढरे खडे साचतात ते बघा, तेच आत साचणार. ब्लॉक उघडलाच होता म्हणून सॉकेटला (प्रोसेसर बसतो ती जागा) कॉन्टॅक्ट फ्रेमही, म्हणजे प्रोसेसर सारखा दाबून धरणारी चौकट, लावून घेतली, कारण या सॉकेटच्या मूळ पकडीने प्रोसेसर मधून किंचित वाकतो, काढलेल्या पेस्टचा ठसा सगळीकडे सारखा नव्हताच. आता ट्यूब काळ्या ईपीडीएम रबराच्या. दिसायला कुकरच्या गॅस्केटसारख्या आहेत, शो गेला, पण प्लास्टिसायझरची कटकट संपली.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भट्टीसारखे नऊ दिवस, याच ट्यूबवर काढला. खोली ३३, पाणी ४४, कोअर ८५-८६, फुल लोडवर, क्लॉक न तुटता.

मग बायोसमध्येही हात घातला. इंटेलने या प्रोसेसरची कमाल पॉवर २५३ वॅट दिलीय, पण बरेच मदरबोर्ड बाय डिफॉल्ट ही लिमिट उघडीच सोडतात, तीही बंद करून १८० वर आणली. कोअर ७५ च्या खाली आला आणि एक्सपोर्टच्या वेळेत जाणवेल असा फरक नाही, हे तं कूलिंगवर एक रुपया न घालवता होतं, बाकी काही करा न करा हे आधी करून बघा. आणि ज्यांच्याकडे १३वी-१४वी जनरेशन आहे त्यांनी बायोस अपडेट केलाच नसेल तर करून घ्या, जास्त व्होल्टेजने चिप खराब होण्याच्या भानगडीवर इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचे अपडेट) दिलेत.

खोलीतल्या कूलरबद्दल खूप जण विचारतात. दमट हवेने आत दव साचत नाही, कारण लूपमधलं पाणी खोलीपेक्षा कधीच थंड नसतं. खरा त्रास धुळीचा, दमट हवेत ती रेडिएटरच्या जाळीवर चिकटून बसते, फुंकणीने उडत नाही, ब्लोअरच लागतो. आणि कूलरचा झोत थेट डब्यावर सोडू नका, बारीक तुषार येतात. हो, अजून एक, वॉटर कूलिंगने उष्णता कमी होत नाही, ती फक्त डब्यातून खोलीत येते, खिडकी बंद ठेवाल तर तुम्हीच शिजाल.

घ्यायचं का? फक्त १३७००के साठी असेल तर १८० वॅटला प्रोसेसरवर बसणारा चांगला दोन टॉवरवाला एअर कूलर (खोलीतला नाही) आपल्याकडेही पुरतो, पैसे एक चतुर्थांश लागतात आणि वर्षातून एकदा धूळ झाडली की झालं. लूप त्यांच्यासाठी ज्यांना हे उघडझाप करायला आवडतं, मला आवडतं म्हणून मी ठेवलाय. घेणाऱ्यांनी स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकबरोबर जोडू नये, दोन धातूंची आपसात लागते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. इथल्या सीताबर्डीच्या बाजारात मला फिटिंग (ट्यूब जोडायचे नट) मिळाले नाहीत, सगळं ऑनलाइन मागवावं लागलं, तेव्हा ईपीडीएम ट्यूब मागवताना आतला-बाहेरचा व्यास नीट बघा, १०/१६ मिमीची (आत १०, बाहेर १६) ट्यूब १०/१३ च्या फिटिंगमध्ये बसत नाही, आणि चार ओ-रिंग जास्तीच्या टाकून द्या ऑर्डरमध्ये.