हरलेल्या गाण्यांची युरोव्हिजन, ५ पैकी साडेतीन स्टार

युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा, त्याहून जास्त पुराण लावत नाही. मी सांगतेय ते त्याच्या नंतर उन्हाळ्यात जे होतं त्याबद्दल, ओजीएई सेकंड चान्स कॉन्टेस्ट. ओजीएई म्हणजे युरोव्हिजन फॅन क्लबांची संघटना, १९८४ ला फिनलंडमध्ये सुरू झाली, आणि ही स्पर्धा १९८७ पासून. पहिल्या वर्षी फक्त ४ देश होते.

कसंय, युरोपात बरेच देश आधी घरच्या घरी स्पर्धा घेतात आणि जिंकलेलं एकच गाणं पुढे जातं, बाकीची घरी. मग प्रत्येक देशाचा फॅन क्लब त्या घरी बसलेल्यांतलं एक गाणं निवडून इथे पाठवतो आणि सगळ्या क्लबांचे मेंबर मतं देतात, युरोव्हिजनसारखेच गुण, सगळ्यात आवडत्याला १२, मग १०, ८ आणि मग ७ पासून १ पर्यंत. स्टेज नाही, तिकीट नाही, अँकरचे पांचट जोक नाहीत. व्हिडिओ बघायचे, मतं द्यायची, संपलं.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहात बसून बघितली असेल तर हे लगेच कळेल, बाहेर चहा पिताना कायम ज्या नाटकाबद्दल बोलणं चालतं ते पुढे गेलेलंच नसतं.

मला ही सवय लागली २०२२ ला. स्पेनच्या घरच्या स्पर्धेत, बेनिडॉर्म फेस्टमध्ये, तांशुगेइरास नावाच्या तीन बायका होत्या, गालिसियन भाषेत गाणाऱ्या, हातात खंजिरीसारखं वाद्य. पब्लिकची ७० टक्क्यांच्या वर मतं त्यांना, आणि तरी तिसऱ्या! कारण पब्लिकच्या मताला वजन फक्त २५ टक्के, बाकी ज्युरी. मी मध्यरात्रीनंतर जागून बघत होते (हिवाळ्यात स्पेन आपल्या साडेचार तास मागे), एवढी चिडले की आवाज बारीक करायचं विसरले आणि आजी उठून आली. ओरडेल वाटलं तर खुर्ची ओढून बसली आणि म्हणे, हा कुठल्या गावचा भोंडला गं? पूर्ण ऐकलं तिने. दुसऱ्या दिवशी परत लावायला लावलं. तेव्हापासून मी जिंकलेलं गाणं नंतर आणि पडलेली आधी ऐकते.

आता दीड स्टार का कापला. एक म्हणजे स्वीडन. सगळ्यात जास्त वेळा तेच जिंकलेत आणि त्यात नवल काहीच नाही, त्यांच्या घरच्या स्पर्धेत, मेलोडीफेस्टिव्हालेनमध्ये, दरवर्षी २५ च्या वर गाणी असतात, आठवडेच्या आठवडे चालतं, मोठमोठी स्टेडियम, लाईट, धूर, सगळं. तिथलं दुसऱ्या नंबरचं गाणंसुद्धा बाकीच्यांच्या पहिल्यापेक्षा चकचकीत दिसतं, आणि उलट काही देशात टीव्हीवाले बंद खोलीत बसून गाणं ठरवतात म्हणजे हरलेलं गाणंच नाही, मग क्लबवाल्यांनी पाठवायचं काय डोंबल. ज्याचा ढीग मोठा त्याची मजा.

दुसरं, मतं देणारे सगळे कट्टर फॅन. फेब्रुवारीपासून ही गाणी त्यांची पाठ झालेली असतात, आवडीनिवडी ठरलेल्या, त्यामुळे एखादं हळू गाणं, एखाद्या छोट्या भाषेतलं, चौथ्यांदा ऐकल्यावर चढणारं, ते राहतंच मागे. १९९३ पासून बाहेरची पाहुणी ज्युरी आणलीये म्हणजे त्यांनाही हे कळलं असणार, पण मला वाटतं मुळात व्हिडिओ बघून मत द्यायचं हाच घोळ आहे.

म्हणून आम्ही चौघी एक करतो. एका रविवारी सकाळी इंदिरानगरला मैत्रिणीकडे जमतो, मिसळ पार्सल (रस्सा वेगळा, पापड वेगळा, पाव ज्याने त्याने आणायचे), टीव्हीवर चादर टाकतो आणि फक्त आवाज ऐकतो. देशाचं नाव सांगायचं नाही. युरोव्हिजनचं गाणं ३ मिनिटांच्या वर चालत नाही, आणि हीसुद्धा साधारण तेवढीच, त्यामुळे २०-२२ गाणी तासाभरात होतात, मिसळीसकट दीड तास. मग वहीत १२, १०, ८. मागच्या वेळी मध्येच लाईट गेली, उरलेली गाणी मोबाईलच्या फुटक्या स्पीकरवर ऐकली आणि गंमत म्हणजे माझे १२ त्यातल्याच एकाला गेले.

भारतातून मेंबर व्हायचं असेल तर ज्या देशांत स्वतःचा क्लब नाही त्यांच्यासाठी ओजीएई रेस्ट ऑफ द वर्ल्ड आहे. मी अजून झाले नाहीये, आमच्या वहीतलं मतदान मला पुरतं. यंदा आजीलाही नेणार आहे, तिने आत्ताच बजावलंय की माझी मिसळ कमी तिखट सांगा आणि मत मी चष्मा लावूनच देणार, चादर काढा ती.