मोठा लॉट की छोटा लॉट?

ठाण्याच्या वागळे इस्टेटला प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट काढायचा कारखाना) आहे म्हणून सांगतो, वॉशरसारखा माल असेल तर मोठा लॉटच काढा, म्हणजे एका दमात भरपूर नग, डाय (पार्टला आकार देणारा साचा) एकदा चढवली की दिवसभर धाडधाड माल पडतो आणि नगामागे खर्च काही पैशांवर येतो. फोर्डने १९१३ मध्ये सरकती असेंब्ली लाइन लावली आणि साडेबारा तासांचं चॅसीचं (गाडीच्या सांगाड्याचं) काम दीड तासावर आलं, ते याच जोरावर. पण पार्टीने ड्रॉइंग बदललं की संपलं, आमच्या माळ्यावर अजून जुन्या मालाच्या गोण्या पडून आहेत, बघून जीव तुटतो.

बाकी कामाला मी छोट्या लॉटच्याच बाजूने. तिथे सगळा खेळ सेटिंगचा, म्हणजे एक डाय काढून दुसरी लावायला किती वेळ जातो त्याचा. टोयोटात शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनी हजार टनी प्रेसची डाय बदलायचे ४ तास शेवटी ३ मिनिटांवर आणले, म्हणजे मशीन चालू असतानाच पुढची डाय, बोल्ट, पाने सगळं हाताशी तयार ठेवायचं, बंद मशीनपुढे शोधाशोध नाही. आम्हीपण एक ट्रॉली केली, सगळ्या डायची उंची सारखी करून घेतली, पाऊण तासाचं सेटिंग वीस मिनिटांत होतं. दर थोडा चढा लागतो, पण रबाळ्याची पार्टी ५० नग मागते आणि त्याच आठवड्यात टेम्पो भरून जातो.