किल्ल्याची एक कमान, तीन फोटो: एचडीआर शिकताना फोन, एकच रॉ की ब्रॅकेटिंग?

सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आठवडाभर आधी मित्राचा मुलगा घरी आला. "काका, एचडीआर शिकायचंय. फोनवर भागेल का कॅमेरा घेऊ?" त्याच्या फोनमध्ये भुईकोट किल्ल्याचा फोटो होता. दरवाजाची कमान, कमानीतून दिसणारं बाहेरचं ऊन. ऊन पांढरंफटक झालं होतं आणि कमानीचा काळा दगड राखेसारखा करडा. "एचडीआर चालू होतं की बे, तरी असं का?" हे तो बरोबरच्या मित्राला म्हणाला, मला नाही. पण प्रश्न बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही त्याच कमानीसमोर उभे राहिलो. आधी उजेड मोजला. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/८. कॅमेऱ्याचं स्पॉट मीटर आतल्या दगडावर धरलं तर शटर १/४ सेकंद सांगत होतं, बाहेरच्या उन्हातल्या भिंतीवर धरलं तर १/५००. म्हणजे सात स्टॉपचा फरक. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. सात वेळा दुप्पट केलं की १२८ पट होतो. आपला डोळा इकडून तिकडे फिरताना उजेडाशी जुळवून घेत हे निभावून नेतो, कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये सगळं पकडायचं असतं. एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, ही हा फरक एका चित्रात बसवण्याची खटपट. (टीव्हीच्या खोक्यावर जे एचडीआर लिहिलेलं असतं ते पडद्याच्या उजेडाबद्दल असतं. त्याचा इथे संबंध नाही.)

युक्ती तशी जुनी आहे. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानं १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह जोडून फोटो केले, कारण त्या काळच्या काचेवर दोन्ही एकदम येत नसत.

पहिला फोटो फोनचा. फोन एका दाबण्यात भराभर अनेक फ्रेम घेतो, बऱ्याचदा मुद्दाम अंधाऱ्याच, आणि त्या एकमेकींवर रचतो. गुगलनं ही पद्धत एचडीआर प्लस नावानं आणली, अ‍ॅपलनं आयफोनमध्ये एचडीआर २०१० पासूनच दिलं होतं. आज बहुतेक फोनांत ते आपोआप चालू असतं, बटणही सापडत नाही. हातात धरून काम होतं, ट्रायपॉड लागत नाही, दोन सेकंदांत निकाल. पण कुठला भाग किती उजळायचा हे फोन ठरवतो. सावली दिसली की ती उचलायची, एवढंच त्याला शिकवलेलं. सोलापूरच्या किल्ल्याचा दगड काळाच आहे आणि त्या कमानीखाली अंधारच असायला हवा, हे त्याला कोण सांगणार? म्हणून दगडाची राख झाली. सेल्फीला फोनचा हा स्वभाव चालतो, शिकणाऱ्याला नडतो. कारण चूक झाली तरी कशानं झाली ते कळत नाही.

दुसरा फोटो एकच, पण रॉ, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची फाइल. नेहमीच्या जेपेग फोटोमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणून रॉमधली सावली नंतर उचलता येते, जेपेगमधली उचलली की पट्टे पडतात. नियम एकच: उजळ भाग जळू द्यायचा नाही. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर उजव्या कडेला टेकेल पण चिरडणार नाही, इतपत. आम्ही १/२५० ठेवलं. बाहेरची भिंत शाबूत राहिली, कमान काळीकुट्ट आली. संगणकावर सावली तीन-साडेतीन स्टॉप उचलली आणि दगडाचे टाके दिसायला लागले. सोबत नॉइजही आला, बारीक वाळू पसरल्यासारखा. फोनच्या पडद्यावर कळत नाही, बारा बाय अठराच्या प्रिंटवर कळतो.

तिसरा फोटो ब्रॅकेटिंगचा, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडात तीनदा टिपून नंतर जुळवायचं: १/२५०, १/६० आणि १/१५, म्हणजे उणे दोन, शून्य, अधिक दोन स्टॉप. अ‍ॅपर्चर हलवायचं नाही, नाहीतर तीन फोटोंत फोकसची खोली वेगवेगळी येते. आयएसओही तोच. फक्त शटर बदलायचं. कॅमेरा तिळभर हलता कामा नये, आणि गोची इथेच होते. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. माझ्याकडे त्यावर सोलापुरी उपाय आहे: जुन्या चादरीच्या तुकड्याची शिवलेली उशी, आत ज्वारी. दगडावर ठेवून कॅमेरा तिच्यात रुतवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा. मालदांडी ज्वारी वापरायला घरातून नकार मिळाला, म्हणून रेशनची.

तिन्ही फ्रेम जुळवल्यावर आतला दगड स्वच्छ आणि बाहेरचं ऊन उन्हासारखं आलं. कमानीपुरतं बोलायचं तर ब्रॅकेटिंग जिंकलं, वाद नाही. पण मुलगा लगेच कॅमेऱ्याच्या किमती बघायला लागला, तेव्हा त्याला थांबवलं. कमान हलत नाही, म्हणून ब्रॅकेटिंग जिंकलं.

गड्ड्यात काय होतं ते बघा. सात नंदीध्वजांची (उंच काठ्यांची) मिरवणूक, भर उन्हात पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि काठी पेलताना वर झालेले चेहरे निम्मे सावलीत. फरक कमानीइतका नसला तरी मोठाच, आणि सगळं हलतंय. तीन फ्रेम घ्याल तर एका माणसाला तीन हात येतील. सॉफ्टवेअरमध्ये ही भुतं काढायची सोय असते, पण ते शेवटी त्या जागेपुरती एकच फ्रेम वापरतं. मग तीन घेतल्या कशाला? फोन इथे बरा, चेहरे उजळतो, पण बाराबंदीच्या कापडाचं विणकाम पुसून सपाट पांढरं करतो. एकच रॉ इथे खरं काम करतं. कॅमेऱ्यात हायलाइटचा इशारा चालू ठेवा, जळालेला भाग लुकलुकतो. बाराबंदी लुकलुकायची थांबेपर्यंत एक्सपोजर खाली आणा, चेहरे घरी उचला.

यंत्रमागाच्या शेडमध्येही तसंच. आत अंधार, खिडकीत ऊन, धोटा धावतोय. शिवाय जुन्या ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. शटर १/१०० पेक्षा वेगवान गेलं की एका फ्रेममध्ये उजेड एक, दुसरीत दुसरा. अशा फ्रेम जुळवल्या की कापडावर नसलेले पट्टे उगवतात. टॉवेलच्या कॅटलॉगचं काम मिळवायची मुलाची इच्छा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सिद्धेश्वर तलावावर सूर्योदयाच्या आधी जाल तर बहुतेक वेळा तिन्हीची गरज नसते. तेव्हा आकाश आणि पाणी जवळपास एकाच उजेडात असतात, साधा एक फोटोही सगळं धरतो. सूर्य देवळामागे वर आला की मग ब्रॅकेटिंगला अर्थ. तेव्हाही पाण्याच्या लाटा आणि शिखरावरचं निशाण तीन फ्रेममध्ये तीन ठिकाणी असतंच.

याच देवळावर मी सुरुवातीला माती खाल्ली होती. ब्रॅकेटिंग नवीन शिकलो होतो, सॉफ्टवेअरमधली प्रत्येक पट्टी उजवीकडे ओढली. शिखराभोवती पांढरी आभा आली, पाणी दौतीतल्या शाईसारखं, दगडाला गंज चढल्यासारखा रंग. मोठा प्रिंट काढून फ्रेम करून घरी आणला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे कुठलं देऊळ रे?" फ्रेम अजून माळ्यावर आहे.

खर्चाचं लवकर उरकतो. फोन आहेच. बऱ्याच फोनांत प्रो मोडमध्ये रॉची सोय असते, फाइल डीएनजी नावानं साठते आणि स्नॅपसीडमध्ये उघडते. त्याच अ‍ॅपमधला 'एचडीआर स्केप' मात्र निव्वळ फिल्टर आहे, एका फोटोवर लावलेला मेकअप. त्याला एचडीआर शिकणं समजू नका. संगणकावर डार्कटेबल आणि ल्युमिनन्स एचडीआर फुकट आहेत, दोन्हींत फ्रेम जुळवता येतात. लाइटरूम सोपं आहे, पण पैसे भरत राहावे लागतात. मी तरी फुकटवाल्यांपासून सुरुवात करायला सांगेन. जुना कॅमेरा घेणार असाल तर एक गोष्ट तपासा: निकॉनच्या डी३३००, डी३४००, डी३५०० मध्ये ऑटो ब्रॅकेटिंग नाही. शटर हातानं बदलून करता येतं, पण तीन वेळा चाक फिरवताना कॅमेरा हललाच म्हणून समजा. डी५००० च्या मालिकेत आणि कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये ही सोय आहे. रॉची फाइल २४ मेगापिक्सेलला साधारण २५ एमबी, ब्रॅकेटिंगला तिप्पट. कार्ड त्या हिशेबानं घ्या.

माझं मत सरळ आहे. शिकायचं असेल तर पहिले दोन-तीन महिने एकच रॉ, तेही फोनच्या प्रो मोडमध्ये चालेल. छोट्या सेन्सरला सावली कमी उचलता येते, नॉइज लवकर येतो, पण उजेड मोजण्याची सवय तीच लागते. ज्याला फक्त घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचेत त्यानं फोनच्या ऑटोवर समाधान मानावं, त्यात कमीपणा नाही. वास्तू, घरांच्या आतल्या खोल्या, हॉटेलं असं काम करायचं असेल तर ब्रॅकेटिंग लवकर शिका. खोली हलत नाही आणि खिडकीतलं ऊन कुणाला सोडत नाही.

मुलानं गड्डा फोनच्या रॉमध्ये काढला. पाच-सहा फोटो पाठवले. एकात बाराबंदी जळालेली, बाकीच्यांत तिच्या नाड्यांच्या गाठीही दिसतात. मग किल्ल्यात परत जाऊन कमानीचा फोटो पुन्हा काढला आणि या वेळी दगड काळाच ठेवला. कॅमेरा अजून घेतलेला नाही. ज्वारीची उशी मात्र माझ्याकडून घेऊन गेलाय, ती अजून परत आलेली नाही.