फायरफॉक्स रिले: दहा मिनिटांच्या पत्त्यांना कंटाळल्यावर

एखादी पुस्तिका उतरवून घ्यायची असो किंवा एखादा लेख पूर्ण वाचायचा असो, संकेतस्थळ आधी ईमेल पत्ता मागते, आणि तो एकदा दिला की त्या एका लेखापायी पुढची कित्येक वर्षे नको असलेली पत्रे येत राहतात. यावर उपाय म्हणून मी बराच काळ तात्पुरते पत्ते वापरले आणि गेल्या वर्षभरापासून फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची फायरफॉक्स रिले ही सेवा वापरते आहे. हे परीक्षण मुख्यतः रिलेचे आहे, पण आधीचे पत्ते का सोडले हे सांगितल्याशिवाय तिचे गुण नीट कळणार नाहीत.

या प्रकारातले जुने आणि सर्वपरिचित नाव म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेले मेलिनेटर. तिथल्या सार्वजनिक इनबॉक्ससाठी ना खाते लागते ना पासवर्ड. मनात येईल ते नाव त्यांच्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) आधी जोडायचे, तो पत्ता फॉर्ममध्ये भरायचा आणि मग त्या नावाचा इनबॉक्स उघडून पाहायचा. सोय यातच आहे आणि धोकाही यातच, कारण तेच नाव ज्याला सुचेल त्याला तोच इनबॉक्स दिसतो. टेन मिनिट मेलची रीत वेगळी आहे: पान उघडताच पत्ता तयार असतो आणि घड्याळ उलटे धावू लागते, वेळ अपुरा वाटला तर एक बटण दाबून आणखी दहा मिनिटे मिळवता येतात. नोंदणीचे पत्र यायला उशीर झाला की त्या घड्याळाकडे पाहत बसण्याचा अनुभव फारसा सुखाचा नसतो, हे मात्र खरे.

माझी फजिती झाली ती अशाच एका पत्त्यामुळे. टिपणे ठेवण्याच्या एका सॉफ्टवेअरची केवळ चाचणी घ्यावी म्हणून मी दहा मिनिटांचा पत्ता देऊन खाते उघडले, ते सॉफ्टवेअर आवडले, आणि पाहता पाहता त्यात चार महिन्यांची टिपणे साठली. मग एके दिवशी पासवर्ड आठवेना. तो बदलण्याचा दुवा अर्थातच केव्हाच नाहीशा झालेल्या पत्त्यावर गेला, आणि मदतकक्षाने नम्रपणे कळवले की ओळख पटवायची असेल तर त्याच पत्त्यावरून लिहावे. त्यांचे काही चुकले नव्हते. जिथे परत जावेसे वाटेल अशा ठिकाणी टाकाऊ पत्ता देण्याची चूक माझी होती. आणि परत जावेसे वाटेल की नाही, हे नोंदणीच्या क्षणी सहसा कळत नाही, खरी अडचण तीच आहे.

रिले ही अडचण बऱ्याच अंशी दूर करते. मोझिलाचे खाते उघडले की विनामूल्य पाच पत्ते मिळतात, ज्यांना तिथे मास्क म्हणतात. अक्षरे आणि आकडे यांची निरर्थक जुळणी आणि शेवटी मोझमेल डॉट कॉम, असे त्यांचे रूप असते. मास्कवर आलेले पत्र आपल्या खऱ्या पत्त्यावर पुढे पाठवले जाते आणि पाठवणाऱ्याला खरा पत्ता कळत नाही. मास्कला मुदत नसते. नकोसा झाला की तो बंद करायचा, हवासा झाला की पुन्हा चालू करायचा. ब्राउझरमध्ये रिलेचा विस्तार (एक्स्टेंशन) बसवला असेल तर ईमेलच्या रकान्यातच एक छोटे चिन्ह दिसते आणि मास्क तिथल्या तिथे भरता येतो.

मला सर्वांत उपयोगी वाटले ते प्रत्येक मास्कला नाव देता येणे. एका ऑनलाइन परिसंवादाच्या नोंदणीसाठी मी स्वतंत्र मास्क दिला होता आणि त्यावर तसे लिहूनही ठेवले होते. तीन आठवड्यांतच त्या मास्कवर दोन अगदी अनोळखी विक्रेत्यांची पत्रे आली. पत्ता कुणाच्या हातून बाहेर गेला, हे शोधायची गरजच उरली नाही. मी मास्क बंद केला, आणि तेव्हापासून अडवलेल्या पत्रांचा आकडा तेवढा वाढताना दिसतो, पत्र एकही येत नाही. जीमेलच्या पत्त्यात अधिकचे (+) चिन्ह घालून खूणशब्द जोडण्याची युक्ती मी पूर्वी याच कामासाठी वापरत असे, परंतु चिन्हापासूनचा भाग गाळला की मूळ पत्ता उघडा पडतो, आणि काही फॉर्म ते चिन्ह स्वीकारतच नाहीत.

उणिवाही आहेत. मास्कवर आलेल्या पत्राला उत्तर देण्याची सोय सशुल्क योजनेत आहे, त्यामुळे पत्रव्यवहार अपेक्षित असेल तिथे विनामूल्य रिले अपुरी पडते. पत्र रिलेमार्फत येत असल्याने पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून लावलेले आपले जुने फिल्टर चालत नाहीत. ते मास्कनुसार नव्याने लावावे लागतात. मास्क एकदा काढून टाकला की परत मिळत नाही, म्हणून काढण्यापेक्षा बंद ठेवणे बरे. काही संकेतस्थळे तात्पुरत्या पत्त्यांच्या डोमेनांच्या तयार याद्या वापरतात आणि त्या जाळ्यात अशा पुढे पाठवणाऱ्या सेवाही अडकू शकतात. शिवाय आपली पत्रे आणखी एका संस्थेच्या यंत्रणेतून जाणार, हेही मान्य करावे लागते. आणि खरा पत्ता आधीच चहूकडे पसरला असेल, तर त्यावरचा स्पॅम रिलेने कमी होणार नाही.

पाच मास्क कमी वाटणाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रोटॉन या ईमेल कंपनीने विकत घेतलेली सिंपललॉगिन ही अशीच सेवा पाहावी. तिच्या विनामूल्य योजनेत दहा पत्ते मिळतात आणि उत्तरही देता येते. माझे काम पाचांत भागते. बँक, विमा आणि वैद्यकीय नोंदी यांना मी खराच पत्ता देते, खरेदीसाठी एक मास्क, वृत्तपत्रिकांसाठी दुसरा आणि चाचणीपुरत्या सॉफ्टवेअरसाठी तिसरा. चौथा तो परिसंवादाचा, बंद करून ठेवलेला. पाचवा मुद्दाम रिकामा ठेवला आहे.