हाऊ वी फील ॲप: ‘काय वाटतंय तेच कळत नाही’ म्हणणाऱ्यांना कितपत उपयोगी?

‘कसं वाटतंय?’ या प्रश्नावर ‘बरंय’ किंवा ‘काही नाही’ एवढंच सांगणारे सगळेच काही लपवत नसतात. काहींना आतलं खरंच उमगत नाही. याला अलेक्सिथिमिया म्हणतात. त्यावर गोळी नाही, सराव आहे. त्यासाठी येल विद्यापीठाच्या भावनिक बुद्धिमत्ता केंद्राच्या साथीने बनलेलं हे मोफत ॲप चांगलंच आहे. फक्त ते उलट्या बाजूने वापरायला हवं.

ॲप आधी चार रंग दाखवतं. लाल म्हणजे अंगात जोर आहे पण नकोसं वाटतंय. निळा म्हणजे नकोसं आणि अंगही गळालेलं. पिवळा आणि हिरवा सुखाच्या बाजूचे. पुढे फुग्यांमध्ये एकूण 144 शब्द. बोट ठेवलं की अर्थ दिसतो. मांडणी सुरेख आहे, पण बरं की वाईट हेच ज्याला कळत नाही तो रोज हिरवा दाबून मोकळा होतो. महिनाभराने नोंदी भरपूर असतात, हाती काहीच नाही.

म्हणून रंगाआधी अर्धा मिनिट अंगाकडे लक्ष द्या: जबडा, घसा, छाती, पोट, तळहात. जे जाणवेल ते तसंच टिपा, ‘जबडा आवळलाय, तळहात ओले’. मग जोर चढलाय की उतरलाय ते ठरवा, रंग त्यानंतर. शेवटचं खाणं, झोप आणि चहाही लिहा; उपाशीपोटी घेतलेल्या तिसऱ्या चहाची धडधड हुबेहूब भीतीसारखी असते. (छातीत वारंवार दुखत असेल तर आधी डॉक्टर.) दिवसातून तीन नोंदी पुरेत. ऐन भांडणात फोन काढू नका.

इंग्रजी शब्दांवर अडून राहू नका, नोंदीत मराठी लिहा. आपल्याकडे पोटात गोळा येतो, घशात आवंढा दाटतो, जीव कासावीस होतो. भावनेचा पत्ता अंगातच दिलेला आहे. शब्द निवडताना ‘मागचं की पुढचं?’ एवढं विचारा. राहून गेल्याची ती चुटपुट, होईल म्हणून ती धास्ती. दोन्हींना ‘टेन्शन’ म्हटलं की उपायही चुकतो.

ॲपमधले मन शांत करणारे छोटे व्हिडिओ पहिले काही आठवडे बाजूला ठेवा. नाव सापडण्याआधीच भावना निवली तर सराव कशाचा करणार?

समुपदेशन चालू असेल तर ॲपमधल्या आलेखापेक्षा लिहिलेल्या नोंदी दाखवा. ‘मंगळवारी साहेबांचा फोन, मग जबडा आवळला’ या एका ओळीवर अख्खं सत्र चालतं.