भुयारी रेल्वेच्या बांधकामातली ‘रहिवासी सेवा’: भिंतींची काळजी चोख, माणसांची अर्धवट

आमच्या इमारतीच्या कडेने भुयारी रेल्वेचं खोदकाम झालं. अशा मोठ्या कामांबरोबर हल्ली रहिवाशांसाठी एक सेवाही येते: खणण्याआधी घरांची पाहणी, भिंतींवर मोजमापाची साधनं, तक्रारीसाठी एक नंबर आणि एक संपर्क अधिकारी. ज्यांच्या दाराशी असं काम येऊ घातलंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात चांगला भाग म्हणजे पूर्वपाहणी. दोन तरुण इंजिनिअर आले आणि त्यांनी अजिबात घाई केली नाही. कपाटं सरकवून मागच्या भिंतीसुद्धा पाहिल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे गेलेली एक जुनी भेग आहे. तिच्याशेजारी पट्टी धरून फोटो काढला आणि भेग जिथे संपते तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहिली. नंतर भेग रेघेच्या पुढे सरकली तर वादच नको. या अहवालाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्याच. ती हातात नसेल तर ‘ही भेग आधीचीच आहे’ असं कुणी म्हटल्यावर तुम्हाला काही बोलता येत नाही.

त्याच भेगेवर त्यांनी एकमेकींवर येणाऱ्या दोन पारदर्शक पट्ट्या बसवल्या, एक भेगेच्या अलीकडे चिकटवलेली, एक पलीकडे. एकीवर मिलिमीटरच्या चौकटी, दुसरीवर लाल फुली. फुली सरकली की भेग किती आणि कुठल्या दिशेला हलली ते कळतं. माझी सासू चष्मा लावून रोज वाचायची. एक मात्र लक्षात ठेवा: ऊन-थंडीनेही भेगा थोड्या उघडतात, मिटतात. त्यामुळे भुयार खणणारं यंत्र जवळ यायच्या बरंच आधीपासून नोंदी सुरू झाल्या तरच त्यांना अर्थ असतो. आमच्याकडे तेवढा अवधी मिळाला.

हे सगळं का लागतं, तेही त्या इंजिनिअर मुलीने नीट समजावलं. भुयार खणताना ठरल्यापेक्षा थोडी जास्त माती निघते आणि वरची जमीन उथळ खळग्यासारखी बसते. इमारत सगळीकडून सारखी खाली गेली तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा जास्त बसला की भिंती ताणल्या जातात, आणि म्हणून खळग्याच्या कडेवरच्या घरांनाही धोका असतो. ‘आमच्या खालून भुयार जातच नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. जर्मनीतल्या कोलोनमध्ये ३ मार्च २००९ रोजी भुयारी रेल्वेच्या खोदकामाशेजारची शहराच्या दप्तरखान्याची इमारत कोसळली आणि शेजारच्या घरातले दोघे गेले. मोजमाप हा कागदी सोपस्कार नाही.

इथपर्यंत सेवेला पूर्ण गुण. पुढे मात्र गुण कापावे लागतात.

रात्रपाळीत पलंग थरथरायचा. तक्रारीच्या नंबरावर फोन लगेच उचलला जायचा, मुलगी नम्रपणे बोलायची, नोंद क्रमांक द्यायची. उत्तर दर वेळी एकच: कंपनं मर्यादेत आहेत. कुठली मर्यादा, असं खोदून विचारल्यावर कळलं की ती इमारतीची होती. जर्मन मानकात राहत्या घरांच्या पायाशी, कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी सेकंदाला ५ मिलिमीटर वेगाची मर्यादा धरतात. माणसाला घरात ०.३ च्या आसपासच कंपन जाणवायला लागतं आणि १ पर्यंत गेलं की तक्रारी येणार, हे ब्रिटिश मानकच सांगतं. म्हणजे भिंतीला तडा जाणार नाही, पण घरातलं कुणी झोपणारही नाही, आणि तरी सगळं ‘मर्यादेत’. कंपनांचे आकडे मागितले तर तेही दिले नाहीत. आमच्याच घरातले आकडे आम्हाला न दाखवण्याचं कारण मला आजही पटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागली. तळमजल्यावर एका काकांचं शिलाईचं दुकान आहे. दुकानासमोर पत्रे उभे राहिले, रस्त्यावरून दुकान दिसेनासं झालं. काकांच्या भिंतीला एकही नवी भेग नाही, म्हणून त्यांचं नुकसान या सेवेच्या हिशेबात बसतच नाही. ते भाडेकरू, त्यामुळे पाहणीच्या कागदावर सही मालकाची. शेवटी संपर्क अधिकाऱ्याने स्वतःहून पत्र्यावर दुकानाच्या नावाची पाटी आणि बाण लावून दिला. माणूस भला होता, पण त्याच्या हातात पाटी लावण्यापलीकडे अधिकारच नव्हता. काम थांबवणं, पाळी बदलणं, भरपाई देणं यातलं काहीच तो ठरवू शकत नव्हता.

यापेक्षा बरं करता येतं. ॲमस्टरडॅममध्ये २००८ साली नवीन मेट्रोच्या स्थानकाचं खोदकाम चालू असताना शेजारची जुनी घरं खचली, काम थांबलं. त्यानंतर प्रकल्पाने लोकांशी बोलण्याची पद्धत बदलली, चालू काम लोकांना पाहायला खुलं केलं. ती मार्गिका जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. आणि तक्रार ऐकणारा काम करणाऱ्यापासून वेगळा असावा, ही मागणीही जुनीच. सरदार सरोवरावरून झालेल्या संघर्षानंतर त्या धरणाला कर्ज दिलेल्या जागतिक बँकेला १९९३ मध्ये स्वतंत्र तपासणी मंडळ नेमावं लागलं, ते त्यासाठीच. धरणग्रस्तांनी जे इतकं सोसून मिळवलं, ते शहरातल्या कामांत अजून मागावं लागतं याचं वाईट वाटतं.

पाचापैकी तीन तारे, आणि ते तिन्ही त्या दोन इंजिनिअरांचे. तुमच्याकडे पाहणीचे लोक आले की त्यांना घरात घ्या, टाळू नका. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: नोंदींचे आकडे रहिवाशांना कधी आणि कसे मिळतील, रात्रीच्या कामाच्या वेळा कोण ठरवणार, आणि भाडेकरू दुकानदारांचं नाव पाहणीत येणार का. आम्ही काकांसह तळमजल्यावरच्या सगळ्यांचा एकत्र अर्ज दिला आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.