आधी काढलं, मग घेतलं : किचनच्या डब्यांचा सगळ्या ऋतूंतला अनुभव

चौकोनी हवाबंद डब्यांचा सेट, काचेच्या बरण्या, स्टीलच्या दोन कोठ्या, ओट्याखालची ट्रॉली आणि एक फिरती प्लेट, एवढं सगळं आमच्या किचनमध्ये मागच्या उन्हाळ्यात आलं. आता उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं त्यावरून गेलंय म्हणून लिहून राहिले. डबा नवा असताना सगळेच चांगलं म्हणतात, पण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला आणि मग जुलैत भिंतींना ओल धरली की कोणतं झाकण टिकतं आणि कोणतं नाही ते खरं कळतं.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. डबे कपाटाच्या मापाने घ्यायचे नाहीत, फोटो पाहून तर नाहीच नाही, घरात येणाऱ्या किराण्याच्या मापाने घ्यायचे. आणि किराणा नेमका काय आणि किती लागतो ते जुना पसारा बाहेर काढल्याशिवाय दिसतच नाही. म्हणून आम्ही आधी फक्त काढायचं काम केलं आणि त्यानंतर बरेच दिवस एकही डबा विकत आणला नाही. किराणा पिशव्यांत, गंजात म्हणजे मोठ्या पातेल्यात, जुन्या बरण्यांत जसा जमेल तसा ठेवला, दिसायला वाईट दिसत होतं, पाहुणे आले की मी किचनचं दार लोटून घ्यायचे, पण त्या मधल्या काळात काय रोज लागतं, काय पंधरा दिवसांत संपतं आणि काय तीन महिने तसंच पडून असतं ते आपोआप समोर आलं. कॉर्नफ्लोअर, तीन प्रकारचे पास्ते, कुठलंतरी बेकिंगचं सामान, हे पडून असणारं. तूर डाळ, तांदूळ, कणीक, पोहे, फल्लीदाणे, साखर, हे पळणारं. पळणाऱ्या सामानालाच चांगला डबा पाहिजे, बाकीच्यासाठी डबा घेणं म्हणजे पडून राहायला आणखी सोय करून देणं.

काढायचं काम हॉलमध्ये चादर टाकून केलं. सगळे डबे एका बाजूला, सगळी झाकणं दुसऱ्या बाजूला. झाकण आहे तर डबा नाही, डबा आहे तर झाकणाची एक क्लिप तुटलेली, म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूने मुंग्यांना रस्ता मोकळा. पार्सलचे पातळ डबे तर इतके निघाले की सासूबाई पण पाहतच राह्यल्या, तळाला तर्रीचा पिवळा डाग जो कशानेच जात नाही, आणि झाकणाच्या कोपऱ्याला बारीक चीर. जोडी लागली नाही ते सगळं कबाडीवाल्याला. प्लॅस्टिकचं जे ठेवायचं होतं त्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा पाहिला, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ते गरम सहन करतं, ठेवलं. १ म्हणजे पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लॅस्टिक, ते गरमासाठी नाही, बरणी चांगली असेल तर कोरड्या सामानाला चालते, बाकी काढल्या. कोटिंग निघालेले नॉनस्टिक तवे काढले. माळ्यावरचे मिक्सर, ओव्हन, कुकरचे रिकामे खोके पण काढले, आणि हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते, वॉरंटीचा कागद काढून फाईलला लावा आणि खोका देऊन टाका, झुरळांना पुठ्ठा फार आवडतो, त्याच्या घड्यांत अंडी घालतात आणि मग तुम्ही खाली कितीही औषध मारा, वरून येतच राहतात.

स्टील-पितळ मात्र कबाडीवाल्याला द्यायचं नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात मोड घेतात, वजन करून त्यात नवीन भांडं देतात. आमच्या दोन्ही स्टीलच्या कोठ्या बऱ्याचशा मोडीतच निघाल्या, वरचे पैसे थोडेच द्यावे लागले. घर रिकामं करायचं आणि नवं घ्यायचं, दोन्ही एकाच फेरीत होतं आणि डोक्यावर ओझं पण राहत नाही की चांगली वस्तू फेकली.

आता तो नियम जो सगळीकडे सांगतात, वर्षभर वापरलं नाही ते काढून टाका. आपल्या घरांना हा नियम जसाच्या तसा लावू नका, मनापासून सांगते. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. पुरणाचा मोठा गंज, परात, पाटावरच्या जेवणाची ताटं, अंबिलीचं पातेलं, हे वर्षातून दोन-तीन दिवस लागतं आणि त्या दिवशी नसलं तर शेजारी मागायला जावं लागतं, त्यांच्याकडे पण महालक्ष्म्याच असतात! सरगुंडे काड्यांवर गुंडाळून करतात आणि रसासोबत खातात, त्या काड्या आंब्याच्या दिवसांतच निघतात. कुरडयांचा सोऱ्या एप्रिलमध्ये. तांब्याची घागर मी काढायच्या ढिगात ठेवली नव्हतीच, पण चुकून तिकडे जाऊ नये म्हणून सासूबाईंनी ती आधीच उचलून देवघरात नेऊन ठेवली, म्हणाल्या, "अक्षय तृतीयेला लागते ना बाई, तेव्हा कुठून आणशील?" बरोबरच आहे. तर आम्ही नियम असा केला की एका महालक्ष्म्यांपासून पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत जे एकदाही निघालं नाही ते जाईल, आणि सणाचं सामान सगळं एका जागी, माळ्यावर, एकाच पेटीत, वर कागदावर यादी चिकटवून. किचनच्या कपाटात त्यातलं काहीच नाही. यानेच एवढी जागा झाली की जे ट्रॉलीसोबत उंच कपाट घ्यायचं चाललं होतं ते घ्यायची गरजच पडली नाही. ही माझ्या हिशोबाने सगळ्यात मोठी बचत.

मग खरेदी. दुकानात आणि ऑनलाइन सगळीकडे डबे लिटरमध्ये विकतात आणि किराणा किलोत येतो, घोळ इथेच होतो. १ लिटरच्या डब्यात तूर डाळ किंवा तांदूळ ८००-८५० ग्रॅमच्या आसपास मावतात, म्हणजे किलोचं पाकीट ओतलं की मूठभर उरतंच, मग त्याला रबर बांधून मागे ठेवायचं, आणि असे रबर बांधलेले पुडे साचले की पुन्हा पसारा. किलोच्या डाळीला दीड लिटरचा डबा घ्या. कणीक आणि बेसन हलकं असतं, किलोला दोन लिटर लागतात. पोहे तर फारच हलके, अर्धा किलोला दीड-दोन लिटर धरा. चिवड्याचे मुरमुरे डब्यात भरायच्या भानगडीत पडू नका, पाकीट क्लिप लावून वर ठेवा. आणि शक्य तिथे चौकोनी घ्या. गोल डबा जेवढी रुंदी अडवतो त्याच रुंदीच्या आणि उंचीच्या चौकोनी डब्यात साधारण सव्वापट माल मावतो, हे साधं गणित आहे, आणि छोट्या किचनमध्ये त्याचा फरक डोळ्याला दिसतो.

चौकोनी पॉलिप्रॉपिलीनचे डबे, झाकणात सिलिकॉनची रिंग. यांच्यावर मी खूश आहे. आरपार दिसतं, एकावर एक बसतात, पावसाळ्यात साखर आणि मीठ दगड झालं नाही. पण रिंग मधून मधून काढून धुवावीच लागते. रिंगच्या खाचेत पाणी राह्यलं की काळी बुरशी धरते, म्हणून धुतल्यावर रिंग वेगळी, झाकण वेगळं, रात्रभर फडक्यावर वाळवायचं आणि मगच लावायचं. हिंगाचा डबा बदलून दुसरं काही भरायचा विचार करू नका, सिलिकॉन तो वास सोडत नाही. ज्यांच्या झाकणाला मधोमध दाबायचं बटण आहे तसले दोन वेगळे आणले होते, उन्हाळ्यात त्यांची पकड सैल पडली, आता ते मुलांच्या खडूंना दिलेत.

काचेच्या बरण्या. सुंदर दिसतात यात वाद नाही. पण ज्यांचं तिखट-हळद उघड्या शेल्फवर काचेत आहे त्यांनी जरा ऐका, उजेडाने हळदीचा रंग उडतो आणि तिखट पण फिकं पडतं. आम्ही वर्षाचं तिखट उन्हाळ्यात करतो, भिवापुरी मिरची आणून, देठं काढून, वाळवून, गिरणीतून आणून मधे मधे हिंगाचे खडे टाकून. एवढी मेहनत केलेलं तिखट उजेडात ठेवायचं नाही, ते चिनी मातीच्या बरणीत आणि बरणी बंद कपाटात, आठवड्याचं तेवढं मिसळणाच्या डब्यात. काचेत आम्ही शेंगदाणे, खारीक-खोबरं, शेवया ठेवतो. नणंदेने दिवाळीला बांबूच्या झाकणाच्या बरण्या दिल्या, कोरड्या दिवसांत छानच, पण पावसाळ्यात झाकण फुगून घट्ट बसतं आणि खालच्या बाजूला पांढरट बुरशी येते, म्हणून त्या आता जून ते सप्टेंबर रिकाम्या ठेवायच्या असं ठरवलंय.

स्टील. पूर्वीचे डबे मी अजिबात काढले नाहीत आणि तुम्ही पण काढू नका. तांदूळ-गव्हाची साठवण असेल तर स्टीलच्या कोठीला पर्याय नाही, उंदीर प्लॅस्टिक कुरतडतो. दुकानदार चुंबक लावून दाखवतात की बघा चिकटत नाही म्हणजे ३०४ नंबरचं भारी स्टील आहे, तर तसं नसतं. २०२ नंबरच्या स्टीलला पण चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं म्हणून ते महाग. कोरड्या डाळी-तांदळाला २०२ चालतं, उगाच जास्त पैसे घालू नका. फक्त मीठ आणि लोणचं कोणत्याच स्टीलमध्ये नको, मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

किड्यांबद्दल खूप जणी विचारतात. हवाबंद डबा घेतला म्हणजे सोंडे होणार नाहीत असं नाही, अंडी दाण्याच्या आत असतात, गोदामातूनच येतात. हवाबंद डब्याचा फायदा एवढा की एका डब्यातले शेजारच्या डब्यात जात नाहीत, आणि तो फायदा मोठा आहे. रवा आणि बेसन आणल्या आणल्या पाकिटासकट तीन-चार दिवस फ्रीजरला ठेवते, मग बाहेर नीट रूम टेंपरेचरला येऊ देऊन डब्यात. गव्हाला आणि तूर डाळीला एरंडेलाचा हात. डाळी गच्चीवर कडक उन्हात टाकायच्या, पण पूर्ण गार झाल्यावरच भरायच्या, गरम भरल्या तर झाकणाला आतून घाम येतो. तांदूळ मात्र कडक उन्हात टाकू नका, दाण्याला चिरा जाऊन कण्या होतात, ते सावलीतच पसरा. जवस आणि तीळ आमच्याकडे आता सरळ फ्रीजमध्ये, आपल्या उन्हाळ्यात बाहेर खवट व्हायला वेळ लागत नाही.

फिरती प्लेट तेल-सॉसच्या बाटल्यांसाठी घेतली, कोपऱ्यातल्या कपाटात ठेवली, स्वस्त आणि कामाची, त्यावर जास्त काही लिहायला नाही.

ट्रॉलीबद्दल लिहायला आहे. ओट्याखालची जागा जवळपास दोन फूट खोल असते, मागे गेलेला डबा वर्षभर दिसत नाही, म्हणून बाहेर ओढता येणारं पाहिजे हे बरोबरच. पण तारेच्या बास्केटमध्ये छोटे डबे तिरपे होतात, आत चपट्या पट्टीचा किंवा पत्र्याचा तळ असलेली घ्या. सिंकखाली कोणतीही ट्रॉली करू नका, ओलीने चॅनलला, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्टीला, गंज लागतो, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये लागलाय आणि आता ती ओढली की किंचाळते. ज्याच्याकडून कराल त्याला चॅनल किती किलोचं वजन घेतं ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या, कारण डाळी भरलेली ट्रॉली जड असते.

आणि नवीन काही आणायचं झालं तर आमच्याकडे आता एवढंच बघतो की त्यात काय भरणार ते आणायच्या आधी सांगता आलं पाहिजे. "छान दिसतं, कशालाही होईल" असं उत्तर आलं की दुकानातच ठेवतो. ऑफर असली तरी. सोळाचा सेट सहाच्या भावात पडतो वगैरे हिशोब दुकानदाराच्या सोयीचा असतो, घरात सोळा डबे ठेवायची जागा मला शोधायची असते. यांना हे सुरुवातीला पटत नव्हतं, आता तेच मॉलमध्ये मला थांबवतात.

आता घ्यायचं राह्यलंय ते एकच, लोणच्यासाठी मोठी चिनी मातीची बरणी, जुनीला आतून केसासारखी चीर गेली आहे आणि त्यात तेल मुरतं, त्यामुळे ती आता बाल्कनीत कुंडी होईल. बाजारात कैऱ्या यायच्या आत इतवारीत जाऊन आणायची आहे, कोणाला आतून चांगलं ग्लेझ असलेली बरणी कुठल्या दुकानात मिळाली असेल तर नक्की सांगा.